मोफत फँटसी बेसबॉल लीग: नवख्या व्यवस्थापकासाठी पहिल्या हंगामाचे मार्गदर्शन

फँटसी बेसबॉल म्हणजे अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या खऱ्या खेळाडूंमधून आपला एक काल्पनिक संघ बांधणे आणि ते खेळाडू प्रत्यक्ष मैदानावर जी कामगिरी करतील, तिच्या आकड्यांवरून आपल्या संघाचे गुण मोजणे. क्रिकेटवरील ड्रीम११ ज्यांनी कधी तरी खेळून पाहिले आहे, त्यांना यातली मूळ कल्पना ओळखीची वाटेल, पण साम्य बरेचसे तिथेच संपते. ड्रीम११ मध्ये एका सामन्यापुरता संघ निवडला जातो आणि तोच खेळाडू लाखो लोकांच्या संघांत असू शकतो. हंगामी फँटसी बेसबॉलमध्ये मात्र दहा किंवा बारा जणांची एक बंदिस्त लीग असते, त्या लीगमध्ये एक खेळाडू एकाच संघाचा असतो आणि तो संघ मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत सांभाळावा लागतो. उदाहरणार्थ, फलंदाज आरन जज तुमच्या संघात असेल, तर तो उरलेल्या अकरा जणांकडे नसतो. संघ-व्यवस्थापनाचा सगळा खेळ या एका अटीतून उभा राहतो.

या खेळाचे आजचे रूप १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये तयार झाले. लेखक-संपादक डॅनियल ओक्रेंट आणि त्यांचे मित्र ज्या फ्रेंच उपाहारगृहात जमत असत, त्याच्या नावावरून या प्रकाराला रोटिसरी हे नाव पडले आणि ते आजही टिकून आहे. त्या काळी वर्तमानपत्रात छापून आलेल्या आकड्यांवरून हाताने हिशेब करावा लागे. संगणकाने ते काम हाती घेतले आणि १९९९ मध्ये याहूने फँटसी लीग मोफत उपलब्ध करून दिल्या, तेव्हा हा खेळ घरोघरी पोहोचला. खेळाडूंची नावे आणि आकडे वापरण्यासाठी मेजर लीगचा परवाना लागतो की नाही, हा वादही न्यायालयात गेला होता. २००७ मध्ये अमेरिकेतील आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तसा परवाना आवश्यक नसल्याचा निर्णय दिला.

अमेरिकेत कार्यालयातील सहकारी मार्चच्या सुरुवातीला लीगचे आमंत्रण पाठवतात, तेव्हा तिथे नव्याने गेलेला मराठी माणूस बहुधा ‘मला बेसबॉल कळत नाही’ असे सांगून मागे सरतो. मागे सरण्याचे कारण नाही. बेसबॉल शिकण्याचा याहून सोपा मार्ग क्वचितच सापडेल, कारण प्रत्येक नियमाचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याच गुणतक्त्यावर दिसतो.

पायरी पहिली: लीग निवडणे

मोफत लीग चालवणारी मुख्य संकेतस्थळे म्हणजे याहू, ईएसपीएन आणि फँट्रॅक्स. तिन्हींवर खाते उघडून एक पैसाही न भरता पूर्ण हंगाम खेळता येतो. सशुल्क सुविधा आहेत, पण पहिल्या वर्षी त्यांची गरज पडत नाही. फँट्रॅक्सवर नियमांत फेरफार करण्याची मुभा फार मोठी आहे आणि नेमक्या त्याच कारणाने ते नवख्याला गोंधळात टाकते, म्हणून सुरुवात पहिल्या दोघांपैकी एकावर करावी.

लीग दोन प्रकारच्या असतात. सार्वजनिक लीगमध्ये संकेतस्थळ अनोळखी लोकांना एकत्र बसवते. खासगी लीगमध्ये एक जण कमिशनर होतो, नियम ठरवतो आणि ओळखीच्यांना दुवा पाठवतो. माझे मत स्पष्टपणे खासगी लीगच्या बाजूचे आहे. मोफत लीगचा मोठा रोग म्हणजे वाऱ्यावर सोडलेले संघ. प्रवेशशुल्क नसल्यामुळे जूनमध्ये तळाला गेलेला माणूस लॉगिन करणेच थांबवतो, त्याच्या संघात जखमी खेळाडू तसेच पडून राहतात आणि त्याच्याशी पडलेला सामना प्रतिस्पर्ध्याला फुकट मिळतो. ओळखीच्या माणसाला निदान दूरध्वनी करून जागे करता येते.

भारतातून खेळणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. त्यामुळे प्रवेशशुल्क घेऊन रोख बक्षीस देणाऱ्या लीगचे आमंत्रण आले, तर ते नाकारून मोफत लीगच निवडावी.

पायरी दुसरी: गुण कसे मोजले जातात हे समजून घेणे

ड्राफ्टच्या, म्हणजे हंगामापूर्वी होणाऱ्या खेळाडूंच्या निवडीच्या, आधी लीगच्या सेटिंगचे पान शांतपणे वाचावे. ते न वाचता संघ निवडणारे दर वर्षी प्रत्येक लीगमध्ये असतात. गुण मोजण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत.

रोटिसरी पद्धतीत साधारणपणे दहा आकडेवारी गट असतात आणि संपूर्ण हंगामाच्या बेरजेवरून प्रत्येक गटात संघांची क्रमवारी लावली जाते. बारा संघांच्या लीगमध्ये होमरनमध्ये, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणाऱ्या फटक्यांत, पहिला असलेल्याला १२ गुण, शेवटच्याला १ गुण. अशा दहा गटांची बेरीज जास्तीत जास्त १२० होते. आमनेसामने पद्धतीत दर आठवड्याला, सोमवार ते रविवार, एका प्रतिस्पर्ध्याशी गाठ पडते आणि तेच दहा गट त्या आठवड्यापुरते तपासले जातात. सहा गट जिंकले आणि चार हरले, तर निकाल ६-४. तिसऱ्या, म्हणजे गुण पद्धतीत, प्रत्येक घटनेला ठरावीक गुण असतात आणि सरळ बेरीज केली जाते.

रोटिसरीत नशिबाचा वाटा सर्वांत कमी असतो आणि जुन्या खेळाडूंना तीच प्रिय आहे. तरीही नवख्याने आमनेसामने पद्धतीची, दहा गटांची लीग घ्यावी असे मला वाटते. एका वाईट महिन्यानंतर रोटिसरीत वर येण्याची आशा मावळते, पण आमनेसामने लीगमध्ये प्रत्येक सोमवारी पाटी कोरी होते, त्यामुळे लोक टिकून राहतात. गुण पद्धत क्रिकेटच्या फँटसीला सर्वांत जवळची असली, तरी तिच्यात संघाचा तोल सांभाळण्याची कला शिकायला मिळत नाही.

आता ते दहा गट. फलंदाजीचे पाच गट म्हणजे धावा, होमरन, आरबीआय, स्टोलन बेस आणि बॅटिंग ॲव्हरेज. खेळाडू स्वतः चारही टप्पे पार करून होम प्लेटवर पोहोचला की त्याच्या खात्यात धाव जमा होते. त्याच्या फटक्यामुळे दुसरा कोणी घरी पोहोचला, तर फटका मारणाऱ्याला आरबीआय मिळतो. फटक्याशिवाय, नुसते पळून पुढचा टप्पा, म्हणजे बेस, गाठला तर तो स्टोलन बेस. होमरन मारणाऱ्याला दोन्ही मिळतात, शिवाय होमरनही मोजला जातो आणि ॲव्हरेजही वाढते, म्हणून एकाच फटक्याने चार गट हलतात. बॅटिंग ॲव्हरेजच्या बाबतीत क्रिकेट पाहिलेल्या माणसाची हटकून गफलत होते. इथे बाद होण्याच्या संख्येने धावांना भागत नाहीत. हिटच्या, म्हणजे फटका मारून सुखरूप बेस गाठण्याच्या, संख्येला ‘ॲट बॅट’च्या, म्हणजे फलंदाजीच्या पाळ्यांच्या, संख्येने भागतात. चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळालेला वॉक या भागाकारात कुठेच धरला जात नाही. अलीकडच्या हंगामांत संपूर्ण मेजर लीगची सरासरी .२४५ च्या आसपास राहिली आहे, तेव्हा .२८० चा फलंदाज चांगला आणि .३०० चा दुर्मीळ समजावा.

पिचिंगचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पिचरांचे, पाच गट म्हणजे विजय, सेव्ह, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), ईआरए आणि व्हिप. ईआरए म्हणजे पिचरने नऊ डावांमागे दिलेल्या धावा, मात्र त्यातून क्षेत्ररक्षकांच्या चुकीने गेलेल्या धावा वगळल्या जातात. व्हिप म्हणजे प्रत्येक डावात त्याने किती फलंदाजांना हिट किंवा वॉक देऊन बेसवर जाऊ दिले, त्याची सरासरी. एखाद्या पिचरने सहा डावांत दोन धावा, पाच हिट आणि एक वॉक दिला, तर ईआरए ३.०० आणि व्हिप १.००, हा दिवस उत्तमच म्हणायचा. डाव लिहिण्याची रीत क्रिकेटमधील षटकांसारखी आहे: ६.२ म्हणजे सहा डाव आणि सातव्यातील तीनपैकी दोन बळी, सहा पूर्णांक दोन दशांश नव्हे.

या दोन सरासऱ्यांचा स्वभाव ओळखणे फार महत्त्वाचे आहे, कारण पिचिंगचे इतर आकडे फक्त वाढतात आणि हे दोन बिघडू शकतात. समजा, शनिवारपर्यंत तुमच्या पिचरांनी ४० डावांत १५ धावा दिल्या आहेत आणि ईआरए ३.३८ आहे. रविवारी आणखी थोडे स्ट्राइकआउट मिळवण्याच्या लोभाने एक साधारण पिचर उतरवला आणि त्याने दोन डावांत सात धावा दिल्या, तर ईआरए थेट ४.७१ वर जातो. एका लोभापायी जिंकलेला गट हातचा जातो, आणि बहुतेक वेळा व्हिपही त्याच्याबरोबर जातो. आघाडीवर असताना रविवारी पिचर बसवून ठेवणे हा पळपुटेपणा नाही, हिशेब आहे.

सेव्हचा गट वेगळ्या अर्थाने अवघड आहे. थोड्या आघाडीवर असलेला सामना शेवटी राखून देणाऱ्या पिचरला सेव्ह मिळतो आणि हे काम प्रत्येक संघात बहुधा एकाच माणसाकडे, म्हणजे क्लोजरकडे असते. मेजर लीगमध्ये संघ तीस, म्हणजे खात्रीचे क्लोजर फार तर तीस. त्यांपैकी काहींची जागा हंगामात कधीही जाऊ शकते.

पायरी तिसरी: ड्राफ्ट

बहुतेक मोफत लीगमध्ये ‘स्नेक’ ड्राफ्ट होतो. पहिल्या फेरीत क्रम एक ते बारा, दुसऱ्या फेरीत बारा ते एक, आणि असाच पुढे उलटसुलट. पहिल्या क्रमांकावर बसलेल्याला पहिला खेळाडू मिळतो, पण त्याची पुढची पाळी थेट चोविसावी असते, तर बाराव्याला बारावा आणि तेरावा असे दोन सलग मिळतात. प्रत्येक निवडीला एक ते दीड मिनिट मिळते. वेळ संपली की संगणक स्वतःच्या यादीतला पुढचा खेळाडू तुमच्या गळ्यात बांधतो. दुसरा प्रकार लिलावाचा, ज्यात प्रत्येकाला खोट्या २६० डॉलरचे अंदाजपत्रक मिळते. लिलाव अधिक रंजक आहे, पण पहिल्याच वर्षी त्यात पडू नये.

ड्राफ्टची तारीख शक्य तितकी उशिरा, म्हणजे हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या आधीच्या आठवड्यात ठेवावी, असे कमिशनरला सुचवावे. फेब्रुवारीपासून ॲरिझोना आणि फ्लोरिडामध्ये सराव सामने चालतात आणि त्यांत दर आठवड्याला कोणी ना कोणी जखमी होते. सराव सामन्यांतील फलंदाजीचे आकडे मात्र मनावर घेऊ नयेत. तिथे अनेकदा खरे पिचर आपला नव्या प्रकारचा चेंडू तपासत असतात आणि समोर कोण आहे याची त्यांना फारशी पर्वा नसते.

संकेतस्थळाची क्रमवारी ड्राफ्टच्या खिडकीत समोरच दिसत असते आणि अर्धी लीग तिच्यावरच बोट ठेवून चालते. म्हणून ड्राफ्टच्या आधी दोन-तीन संध्याकाळी त्याच संकेतस्थळावरचा सराव ड्राफ्ट करून पाहावा, म्हणजे कोणता खेळाडू साधारण कोणत्या फेरीत जातो याचा अंदाज येतो. आवडलेली नावे रांगेत लावून ठेवण्याची सोय असते. वीज किंवा इंटरनेट गेले, तरी संगणक आधी त्या रांगेतून निवड करतो.

निवडीचे धोरण कसे असावे? पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत रोज खेळणारे फलंदाज आणि त्यांच्यामध्ये फार तर एक किंवा दोन अव्वल पिचर, हा माझा सल्ला. पिचरचे कोपर हा या खेळातला मोठा जुगार आहे. १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा झालेली कोपराच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया आज नित्याची झाली असली, तरी तिच्यानंतर परतायला एक ते दीड वर्ष लागते, म्हणजे तुमचा हंगाम तिथेच संपतो. फलंदाजही जखमी होतात, पण बहुधा काही आठवड्यांत परततात.

कॅचरची, म्हणजे यष्टिरक्षकासारखी फलंदाजामागे बसणाऱ्या खेळाडूची, जागा शेवटी भरावी. गुडघ्यांवर ताण येत असल्यामुळे कॅचरला वरचेवर विश्रांती दिली जाते आणि मधल्या दर्जाचे कॅचर एकमेकांसारखेच असतात. क्लोजर मधल्या फेऱ्यांत दोन घ्यावेत, तिसरा हंगामात शोधता येतो. कोलोरॅडो रॉकीजचे घरचे मैदान, डेन्व्हरचे कूर्स फील्ड, समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांच्या आसपास आहे आणि विरळ हवेत चेंडू लांब जातो, तिथे वळतोही कमी. त्यामुळे रॉकीजच्या फलंदाजांचे आकडे फुगतात आणि त्यांच्या पिचरांना संघात घेणे टाळलेलेच बरे.

स्टोलन बेसविषयी जुन्या लेखांतले सल्ले जसेच्या तसे घेऊ नयेत. २०२३ मध्ये बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच झाला, पिचरला चेंडू टाकण्यासाठी घड्याळाची मर्यादा आली आणि बेसवरच्या धावपटूला रोखण्यासाठी पिचर एका फलंदाजासमोर किती वेळा चेंडू टाकायचा थांबू शकतो यावरही मर्यादा आली. परिणामी संपूर्ण लीगमधील स्टोलन बेस २०२२ मधील २,४८६ वरून २०२३ मध्ये ३,५०३ वर गेले. त्याच वर्षी रोनाल्ड अकुन्या ज्युनियरने ४१ होमरन आणि ७३ स्टोलन बेस केले, आणि २०२४ मध्ये शोहेई ओहतानीने ५४ होमरन आणि ५९ स्टोलन बेस करून एका हंगामात दोन्हींचे अर्धशतक गाठणारा पहिला खेळाडू होण्याचा मान मिळवला. पूर्वी केवळ पळणारा पण फटका नसलेला खेळाडू चढ्या भावाने घेतला जाई. आता तशी गरज उरलेली नाही.

ओहतानीचे प्रकरण स्वतंत्रच आहे. तो फलंदाजही आहे आणि पिचरही, म्हणून याहूवर फलंदाज ओहतानी आणि पिचर ओहतानी असे दोन निरनिराळे खेळाडू दिसतात आणि ते दोन वेगळ्या संघांत असू शकतात. इतर संकेतस्थळांवर नियम वेगळा असू शकतो, तेव्हा त्याच्यावर पहिली निवड खर्च करण्यापूर्वी आपण नेमका कोणता ओहतानी घेत आहोत याची खात्री करावी.

पायरी चौथी: संघ चालवणे

ड्राफ्ट एका संध्याकाळचा असतो; त्यानंतर संघ सहा महिने चालवायचा असतो, आणि मोफत लीग बहुतेक वेळा हुशार ड्राफ्टपेक्षा नियमित हजेरीने जिंकल्या जातात. मेजर लीगचा प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळपास रोज. तरीही सोमवारी आणि गुरुवारी अनेक संघांना सुट्टी असते. त्या दिवशी तुमच्या मुख्य यादीतील शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) घरी बसलेला आणि राखीव बाकावरचा खेळाडू मैदानात, अशी स्थिती झाली, तर बाकावरच्याचे होमरन मोजले जात नाहीत.

तुमच्या यादीत कॅचर, चारही इनफिल्डर (बेसजवळचे क्षेत्ररक्षक), तीन आउटफिल्डर (दूरचे क्षेत्ररक्षक), कोणत्याही फलंदाजाला चालणारी युटिलिटीची एक-दोन जागा, पिचरांच्या जागा आणि राखीव बाक असतो. याखेरीज आयएल, म्हणजे जखमींसाठीच्या जागा असतात. खऱ्या संघाने फलंदाजाला १० दिवसांच्या किंवा पिचरला १५ दिवसांच्या जखमींच्या यादीत टाकले की त्याला आयएलच्या जागेत हलवावे. त्यामुळे त्याला न सोडता एक जागा मोकळी होते. हे साधे काम न करणारे इतके असतात की केवळ आयएल नीट वापरणारा संघ कायम एक-दोन खेळाडूंनी पुढे राहतो. एकाहून अधिक जागांवर खेळू शकणारा खेळाडूही असाच मोलाचा, कारण तो सोमवारची भोके बुजवतो. कोणत्या जागेसाठी कोण पात्र आहे, हे त्याने त्या जागी खऱ्या सामन्यांत किती वेळा खेळले यावरून संकेतस्थळ ठरवते.

वेळेचा प्रश्न भारतातून खेळणाऱ्याला विशेष भेडसावतो. संपूर्ण हंगाम अमेरिकेच्या उन्हाळी वेळेत पार पडतो, त्यामुळे हिशेब सहा महिने एकच राहतो: न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७ चा सामना आपल्याकडे पहाटे ४:३० ला, लॉस एंजेलिसचा संध्याकाळी ७ चा सकाळी ७:३० ला, आणि पूर्व किनाऱ्यावरचा दुपारी १ चा सामना रात्री १०:३० ला. ज्या लीगमध्ये रोज संघ लावता येतो, तिथे प्रत्येक खेळाडू त्याचा सामना सुरू होताना गोठतो. खऱ्या संघांच्या अंतिम याद्या सामन्याच्या काही तास आधी, म्हणजे आपल्या मध्यरात्रीनंतर येतात, आणि त्यांची वाट पाहत जागणे कोणालाही परवडणारे नाही. रात्री जेवणानंतर पुढच्या दिवसाचा संघ लावून झोपावे आणि अधूनमधून विश्रांती दिलेला खेळाडू मुख्य यादीत राहिला तर ते सोसावे. पुण्या-मुंबईतल्या मित्रांनीच लीग काढली असेल, तर कमिशनरने आठवड्यातून एकदा, सोमवारी, संघ गोठवण्याची सेटिंग निवडावी. बरीच ओढाताण वाचते.

पिचरांचे नियोजन हा व्यवस्थापनाचा सर्वांत रसाळ भाग आहे. सुरुवातीचा पिचर साधारणपणे पाच किंवा सहा दिवसांतून एकदा खेळतो. मंगळवारी खेळलेला पिचर रविवारी पुन्हा येण्याची शक्यता असते, आणि अशा दोन सामन्यांच्या पिचरला त्या आठवड्यात दुप्पट किंमत येते. रविवारी रात्री पुढच्या आठवड्याचे संभाव्य पिचर पाहावेत, कोणाचा सामना दुबळ्या फलंदाजीशी आहे, कोणाला डेन्व्हरला जायचे आहे, हे तपासावे. एका सामन्यापुरता पिचर उचलून दुसऱ्या दिवशी सोडून देण्याला स्ट्रीमिंग म्हणतात. त्याने विजय आणि स्ट्राइकआउट वाढतात, पण ईआरए आणि व्हिपची जोखीम वर सांगितल्याप्रमाणे अंगावर येते. बहुतेक लीग अशा अदलाबदलींवर आठवड्याची मर्यादा घालतात आणि रोटिसरीत संपूर्ण हंगामातील डावांवरही मर्यादा असते. त्या दोन्ही सेटिंगच्या पानावर सापडतात. विजय मिळण्यासाठी सुरुवातीच्या पिचरने किमान पाच डाव टाकलेले असावे लागतात, म्हणून चौथ्या डावातच बाहेर काढला जाणारा पिचर कितीही चांगला असला, तरी त्या गटात कामाचा नाही.

पायरी पाचवी: वेव्हर आणि मोकळे खेळाडू

कोणत्याही संघात नसलेला खेळाडू मोकळा असतो आणि आपल्या एकाला सोडून त्याला लगेच घेता येते. कोणी नुकताच सोडलेला खेळाडू मात्र एक-दोन दिवस वेव्हरवर राहतो, त्याच्यासाठी सर्वांना मागणी नोंदवता येते आणि ज्याचा क्रम वर असेल त्याला तो मिळतो. काही लीगमध्ये क्रमाऐवजी हंगामभरासाठी १०० खोटे डॉलर दिले जातात आणि बंद बोली लागते. मला ही बोलीची पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण पहाटे उठून झडप घालणाऱ्याला तिच्यात फायदा नाही, आणि भारतात असलेला खेळाडू मागे पडत नाही.

कोणाला घ्यावे? एप्रिलमध्ये क्लोजरची जागा गमावलेल्या संघांकडे लक्ष ठेवावे. नवा क्लोजर पहिला सेव्ह मिळवतो त्या रात्रीच त्याला उचलावे लागते, दोन दिवसांनी तो उरत नाही. खालच्या लीगमधून वर आलेला तरुण फलंदाजही असाच.

कोणाला सोडू नये, हा त्याहून मोठा प्रश्न. दुसऱ्या फेरीत घेतलेला फलंदाज तीन आठवडे .१८० वर अडकला की हात शिवशिवतात. पण तीन आठवडे म्हणजे साठ-सत्तर ॲट बॅट, आणि तेवढ्यात चार हिट इकडचे तिकडे झाले तरी चित्र पालटते. शिवाय एप्रिलच्या थंडीत चेंडू कमी लांब जातो आणि उन्हाळ्यात फलंदाजी सुधारते. संशय असेल, तर बेसबॉल सॅव्हंट या मोफत संकेतस्थळावर तो चेंडू किती वेगाने फटकावत आहे हे पाहावे, कारण २०१५ पासून मेजर लीगच्या सर्व मैदानांवर ही मोजणी होते. फटक्याचा वेग मागच्या वर्षीइतकाच असेल, तर थांबावे. वेग घटला आहे आणि स्ट्राइकआउटही वाढले आहेत, असे असेल तर मात्र काळजीचे कारण आहे.

पायरी सहावी: अदलाबदल

दुसऱ्या व्यवस्थापकाशी खेळाडूंची अदलाबदल करताना त्याच्या संघाला काय हवे आहे हे आधी पाहावे. त्याच्याकडे तीन क्लोजर आहेत पण स्टोलन बेसमध्ये तो तळाला आहे, अशा वेळी प्रस्ताव सहज जुळतो. आपले दोन सुमार खेळाडू देऊन एक उत्तम मागण्याचे प्रस्ताव पाठवू नयेत. एकदा तशी ख्याती झाली की पुढची पत्रे कोणी उघडत नाही. प्रस्तावाला नकार असला तरी उत्तर द्यावे. झालेला व्यवहार एक-दोन दिवस तपासणीसाठी थांबतो आणि कमिशनर किंवा इतर संघ संगनमताचा संशय आल्यास तो रोखू शकतात. केवळ एका बाजूचा जास्त फायदा झाला, म्हणून व्यवहार रोखणे मला गैर वाटते.

पायरी सातवी: जुलै ते सप्टेंबर

जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार सामन्यासाठी काही दिवस नियमित सामने थांबतात आणि बहुतेक लीगमध्ये तो आठवडा पुढच्या आठवड्याशी जोडला जातो. जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला खऱ्या संघांची खेळाडू-अदलाबदलीची मुदत संपते. त्या दिवसांत बातम्या पाहत राहाव्यात, कारण मोठ्या संघात गेलेला क्लोजर तिथे क्लोजर राहतोच असे नाही, आणि त्याच्या जुन्या संघात नवा माणूस ती जागा घेतो. फँटसी लीगमधील अदलाबदलीची मुदत बहुधा ऑगस्टमध्ये असते. ती तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.

आमनेसामने लीगमध्ये अव्वल चार किंवा सहा संघ सप्टेंबरमध्ये बाद फेरीत जातात. खऱ्या मेजर लीगचे ऑक्टोबरमधील बाद फेरीचे सामने फँटसीत मोजले जात नाहीत. सप्टेंबरमध्ये खऱ्या संघांची यादी २६ वरून २८ खेळाडूंची होते, पहिला क्रमांक निश्चित झालेले संघ आपल्या पिचरांना विश्रांती देऊ लागतात आणि स्पर्धेतून बाहेर पडलेले संघ तरुणांना खेळवतात. म्हणून बाद फेरीसाठी पिचर निवडताना, अजून पात्र होण्यासाठी झगडणाऱ्या संघांतले पिचर पसंत करावेत. याच महिन्यात अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि लीगमधील अर्धे लोक तिकडे वळतात, त्यामुळे वेव्हरवर चांगले खेळाडू दिवसेंदिवस पडून राहतात आणि ज्याचे लक्ष अजून बेसबॉलवर आहे त्याला ते विनास्पर्धा मिळतात.

हंगाम संपल्यावर लीग आपोआप पुढे चालू राहत नाही. फेब्रुवारीच्या सुमारास कमिशनर तिचे नूतनीकरण करतो आणि जुन्या सभासदांना पुन्हा आमंत्रण जाते. काही खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्याची सोय असलेल्या लीगला कीपर लीग म्हणतात. तसा बदल करायचा असेल, तर तो ड्राफ्टच्या आधी आणि सर्वांच्या संमतीने ठरवावा, कारण कोणाला राखता येईल हे आधी माहीत असते, तर गेल्या सप्टेंबरमध्ये अनेकांनी वेगळे खेळाडू सोडले असते.